स्टुडिओ सोडून हॉस्पिटलच्या यंत्रांकडे जाऊ का?

पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३१. प्रॉडक्ट डिझाइन शिकल्यापासून सात वर्षं ती एका डिझाइन स्टुडिओत आहे. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, हेल्मेट, शाम्पूची बाटली असं बरंच काही तिच्या हातून गेलं. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओकडे एका इन्फ्युजन पंपाचं काम आलं. शिरेतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं हे यंत्र. त्याची बाहेरची बॉडी तिने केली आणि तेव्हापासून बाकीच्या कामात तिचं मन रमेना. आता रुग्णालयांसाठी पंप आणि मॉनिटर बनवणाऱ्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. पगार जवळपास दीडपट. स्टुडिओतले वरिष्ठ म्हणतात, "तिकडे गेलीस की संपलीस. तीन वर्षं एकच डबा घासत बसशील, एनडीएमुळे, म्हणजे गोपनीयतेच्या करारामुळे, पोर्टफोलिओत काही दाखवता येणार नाही, आणि परत यायचं म्हटलंस तर कोणी विचारणार नाही." तिला वाटतं, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम करावं, शाम्पूच्या बाटलीने कोणाचं काय भलं झालं? तिची आई सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली, हे एका ओळीत आलंय. कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. "मला 'तू'च म्हणा" असंही तिने शेवटी लिहिलंय.

*

बरं, तू म्हणते.

आधी शाम्पूच्या बाटलीबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर झालाय. ओला, साबणाचा हात, डोळ्यांवर चष्मा नाही, बाथरूममध्ये अर्धवट उजेड. अशा वेळी बाटली ओळखू यावी, हातातून सटकू नये, झाकण एका हाताने उघडावं, याचा विचार तू केलाच असशील. आता रात्री तीन वाजताचा वॉर्ड डोळ्यांसमोर आण. हातात ग्लोव्ह, बाजूचा पेशंट जागा होऊ नये म्हणून मोठा दिवा बंद, आणि एक सिस्टर तुझ्या पंपासमोर उभी. तिच्या अडचणी बाथरूममधल्या माणसाहून फार वेगळ्या नाहीत. फरक इतकाच की बाटली सटकली तर पायावर पडेल, पंपाचं बटण चुकलं तर औषध जास्त जाईल.

मायकेल ग्रेव्हज हे अमेरिकन आर्किटेक्ट तुला माहीत असतील. निदान त्यांची किटली तरी. १९८५ साली अलेसी या इटालियन कंपनीसाठी केलेली, चोचीवर पक्षी बसलेली. २००३ मध्ये एका आजारपणात त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि व्हीलचेअरवर बसून हॉस्पिटलच्या बाथरूममधल्या नळापर्यंत त्यांचा हात पोचेना. पुढची काही वर्षं या माणसाने हॉस्पिटलचं फर्निचर आणि रुग्णांना ने-आण करायची व्हीलचेअर डिझाइन करण्यात घालवली. किटल्या करताना कमावलेली नजरच तिथे कामी आली. तेव्हा स्टुडिओतली सात वर्षं 'वाया गेली' हा सूर पत्रातून काढून टाक. मुलाखतीत तर तो मुळीच नको.

तुझ्या पत्रातलं खरं वाक्य मला वेगळं वाटतं. ते तू जाता जाता लिहिलंयस: "पंपाच्या फाइल्स दिल्या, बिल निघालं, पुढे त्याचं काय झालं ते कळलंच नाही." मी पत्र तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या ओळीवर थांबले. तुला उपयोगी काम हवंय असं तू म्हणतेस. मला वाटतं, तुला कामाचं पुढे काय होतं ते पाहायचंय. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि कोणती हवी आहे त्यावर उत्तर बदलतं.

माझी गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या स्टुडिओत होते तिथे सक्शन मशीनचं काम आलं. घशातला, छातीतला स्राव ओढून घेणारं ते मशीन. जुनी मशीन दिसायला अगदी पिठाच्या गिरणीची धाकटी बहीण. मी ते नीटनेटकं केलं. पुढच्या पॅनलवर दोन नॉब, एक चालू-बंदचा, एक ओढ कमी-जास्त करायचा. दोन्ही एकाच आकाराचे, एकाच राखाडी रंगाचे, मधोमध रेष धरून सारख्या अंतरावर. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं चित्र, बघून क्लायंट खूश, बॉस खूश, मी तर हवेतच. दोन-तीन वर्षांनी वडिलांचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या खाटेशेजारी माझंच मशीन उभं. एका नॉबवर मायक्रोपोरची पट्टी, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'बंद'. दुसऱ्यावरही पट्टी. तिच्यावर: 'हा नाही'.

ते 'हा नाही' मी आजवर विसरलेले नाही. कोणीतरी कधीतरी घाईत चुकीचा नॉब फिरवला असणार. मग कोणा सिस्टरने माझं डिझाइन चार आण्यांच्या पट्टीने दुरुस्त केलं. स्टुडिओत मला हे कधीच कळलं नसतं, कारण आमच्या कोटेशनमध्ये 'पुढे काय झालं' याला ओळच नव्हती.

आता तुला जिथे जायचंय तिथलं रोजचं काम कसं असतं ते सांगते, कारण 'सेवा' या शब्दाने त्याच्यावर फार गोड मुलामा चढतो. २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून आपल्याकडे लागू झाले. त्यात जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत: सक्शन मशीन बी, व्हेंटिलेटर सी, हृदयाची कृत्रिम झडप डी. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, सी आणि डी साठी दिल्लीचं दार. आधी ठरावीकच उपकरणांवर कायद्याची नजर होती, १ एप्रिल २०२० पासून सगळीच त्याखाली आली. त्यावर आंतरराष्ट्रीय मानकं: गुणवत्तेचं आयएसओ १३४८५, जोखमीचं आयएसओ १४९७१, विजेच्या सुरक्षिततेचं आयईसी ६०६०१, वापरसुलभतेचं आयईसी ६२३६६. या आकड्यांना आत्ता घाबरू नकोस, सहा महिन्यांत ते घरच्या फोन नंबरासारखे पाठ होतात. पण त्यांचा अर्थ असा की तिथे प्रत्येक निर्णय लिहून ठेवावा लागतो, तपासावा लागतो, आणि तपासला हेही लिहून ठेवावं लागतं. बॉडीचं प्लास्टिक बदलायचं? ते दिवसातून चार वेळा स्पिरिटने आणि हायपोक्लोराइटने पुसलं जाणार आहे. तुझं लाडकं पॉलिकार्बोनेट अशा पुसण्याने तडकू शकतं. दोन भागांमधली ती बारीक सुंदर फट? तिच्यात रक्त सुकतं. कोपऱ्यातला दिवा लाल छान दिसतोय? लाल रंग सगळ्यात तातडीच्या अलार्मसाठी राखलेला आहे, सजावटीला मिळणार नाही.

यात कल्पकता कुठे, असं तुझे वरिष्ठ विचारतील. त्यांना ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर दाखव. भूल देण्याच्या मशीनला ते जोडतात तिथे दोन खुंट्या असतात आणि सिलिंडरच्या वाल्व्हवर त्यांना जुळणारी दोन भोकं. ऑक्सिजनची भोकं दोन आणि पाच नंबरच्या जागी, नायट्रस ऑक्साइडची तीन आणि पाचच्या. चुकीचं सिलिंडर लावायला गेलं की ते बसतच नाही. रंग कळला नाही, लेबल फाटलं, लाइट गेले, डॉक्टर दमलेत, तरी बसत नाही. रेंडरमध्ये ही गोष्ट दिसणारही नाही, आणि माझ्या मते ते या क्षेत्रातल्या सगळ्यात सुंदर डिझाइनांपैकी एक आहे.

जोखमीच्या त्या आयएसओ १४९७१ मध्ये उपायांचा क्रम दिलेला आहे. आधी डिझाइनच असं करा की धोका उरणार नाही. ते जमत नसेल तर अलार्म, झाकण, अडसर असं काही संरक्षण द्या. तेही पुरत नसेल तर शेवटी सूचना लिहा. खुंट्या पहिल्या पायरीवर बसतात, माझ्या नॉबवरची 'हा नाही' ही पट्टी शेवटच्या. आणि आयईसी ६२३६६ हे वापरसुलभतेचं मानक वापरणाऱ्या माणसाच्या चुकीबद्दल बोलत नाही, 'वापरातली चूक' म्हणतं. सिस्टरचं बोट चुकलं तर आधी यंत्राकडे बघा, असा त्या शब्दयोजनेचा रोख आहे. याची किंमत जगाने मोजलेली आहे. थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या रेडिएशनच्या यंत्रातून १९८५ ते १९८७ मध्ये किमान सहा रुग्णांना भलताच जास्त मारा बसला, काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि आधीच्या मॉडेलमधले अडसर काढून टाकण्यात होता. पण यंत्र बिघडलं की पडद्यावर नुसतं 'मालफंक्शन ५४' असं यायचं, आणि असले संदेश रोजचेच झाल्यामुळे ऑपरेटर एक कळ दाबून पुढे जात.

हे सगळं वाचताना तुझं काय होतंय, तिकडे लक्ष दे. 'बाप रे, किती कागद' असं वाटलं की 'मग पुढे काय केलं त्यांनी?' असं वाटलं? दुसरं वाटलं असेल तर तुझी जागा तिथे आहे. पहिलं वाटलं तरी त्यात कमीपणा नाही. माझा एक मित्र अशा कंपनीत गेला आणि चौदा महिन्यांत परत आला. एका बटणाचा रंग बदलायला चेंज रिक्वेस्ट, पुन्हा चाचणी आणि पाच सह्या, हे त्याला सोसेना. दर तिमाहीला नवीन काही हातात आल्याशिवाय ज्याचा श्वास मोकळा होत नाही, अशा जातीचा तो. आणि हो, त्याला परत घेतलं. स्टुडिओने उलट हात पसरून घेतलं, कारण हॉस्पिटलचे क्लायंट आले की त्यांच्या भाषेत बोलणारा कोणीतरी हवाच होता. तेव्हा 'परत कोणी विचारणार नाही' हे मला भीती घालण्यातलं वाटतं.

पोर्टफोलिओबद्दल मात्र तुझे वरिष्ठ निम्मे बरोबर आहेत. तीन वर्षं इन्स्टाग्रामवर टाकायला काही नसेल. पण सात वर्षांच्या अनुभवी माणसाकडून तेवीस गुळगुळीत रेंडर कोण बघतं? अनुभवी माणसाला विचारतात, हे असं का केलंस, काय सोडून दिलंस, कुठे हरलीस. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेव. कंपनीचं गुपित त्यात लिहू नकोस, तुझा विचार लिही: कोणती अडचण होती, किती वाटा दिसल्या, चाचणीत काय फसलं. उत्पादन बाजारात आल्यावर काय दाखवता येईल, याची परवानगी रुजू होतानाच लेखी माग. नंतर मागितली तर एचआर आणि लीगल एकमेकांकडे बोट दाखवतात. आणखी एक गोष्ट डिझायनर मंडळी विसरतात. पेटंटचा हक्क कंपनीकडे असला तरी शोधकर्त्यांची नावं अर्जात असतात, आणि आपल्याकडे अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. यंत्र कसं चालतं यात तुझी कल्पना असेल तर तुझं नाव त्यात यायला हवं. डिझायनरांची नावं घालता का, हे मुलाखतीत विचार. हा एनडीएच्या पलीकडचा, सगळ्यांना दिसणारा पोर्टफोलिओ आहे.

कंपनी कोणती, यावर मात्र निम्मं नशीब आहे. मेडिकल कंपन्यांमध्येही एक जात अशी आहे की इंजिनीयर सगळं ठरवतात आणि शेवटी डिझायनरला बोलावतात, 'जरा छान दिसेल असं कव्हर करून द्या' म्हणून. तिथे गेलीस तर तू आत्ता करतेस तेच करशील, फक्त तिप्पट हळू. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी तुझ्या होणाऱ्या बॉसशी पुन्हा एकदा बोल. धोक्यांचा तक्ता भरायच्या बैठकीला डिझायनर बसतो का? टूल, म्हणजे उत्पादनाचा साचा, कापण्याआधी खऱ्या सिस्टरांच्या हातात मॉडेल देऊन बघतात का, की आपल्याच अकाउंट्समधल्या मुलींना ग्लोव्ह घालून उभं करतात? वॉर्डमधल्या तक्रारी सर्व्हिस इंजिनीयरपाशीच थांबतात की डिझाइनच्या टेबलापर्यंत येतात? टीममधलं कोणी शेवटचं वॉर्डात कधी गेलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला 'कोविडच्या आधी' असं उत्तर आलं तर सावध हो. उत्तरं पाठ केलेली असू शकतात. एखादी फसलेली चाचणी सांगा म्हण. फसलेली आठवत नसेल तर झालेलीही नसेल.

पगार दीडपट आहे हे तू कंसात लिहिलंयस, जणू पाप केलंस. कंस काढ. चांगलं काम आणि बरा पगार एका जागी आले तर त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. नोटीस पीरियड किती आणि बाँड आहे का, एवढं मात्र बघून घे.

स्टुडिओत राहायचं ठरवलंस तर? तोही मार्ग मी खोडून काढणार नाही, पण आत्तासारखी राहू नकोस. तुझ्या बॉसला सांग की आरोग्याच्या क्षेत्रातली कामं मी सांभाळते, आणि प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ वाढव: उत्पादन बाजारात आल्यावर सहा महिन्यांनी दोन दिवसांची पाहणी, एवढे पैसे. पहिले तीन क्लायंट ती ओळ खोडतील. चौथा ठेवेल. त्या दोन दिवसांत तुला जे दिसेल त्याने पुढची कामं कशी करायची ते बदलेल, आणि इतर स्टुडिओंकडे नसलेलं काहीतरी तुमच्याकडे येईल. हेल्मेट करणाऱ्यांनी आणि मिक्सर करणाऱ्यांनीही ही ओळ घालायला हरकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या आणि अजून कॉलेजात असलेल्यांसाठी थोडंसं. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीतही त्याच्या शाखा. डॉक्टर, इंजिनीयर आणि डिझायनर एका टेबलाला बसवणारी त्यांची शिबिरं होतात; एकात तरी जा, आपल्याला रक्त बघवतं का तेही कळेल. स्वतःचं काही करायचं असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅककडून ५० लाखांपर्यंतचं 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान मिळू शकतं. परदेशी मास्टर्सबद्दल माझं मत कडक आहे: कर्ज काढण्याआधी एक वर्ष तरी या क्षेत्रात काढा. आवडतं की नाही हे कळायला वॉर्डाची पायरी पुरते, लंडन कशाला?

आणि तू. पंधरा दिवस आहेत म्हणतेस. त्यातली एक रात्र मला दे. ओळखीच्या डॉक्टरांकडून रीतसर परवानगी काढून एखाद्या वॉर्डात रात्रपाळीला बस. फोटो काढू नकोस, पेशंटशी गप्पा मारू नकोस, कोपऱ्यात स्टूल घे. कोणतं मशीन किती वेळा वाजतं, त्यातल्या किती वेळा कोणी उठून जातं, मावशी पुसताना कोणत्या भागाला वळसा घालते, सलाइनची बाटली अडकवायला जागा नसली की नातेवाइकाच्या हातात कशी येते, हे नुसतं बघ. सकाळी घरी येताना तुला झोप हवीशी वाटते की वही, तेवढं मला पुरे.

त्याच्याही आधी एक फोन कर. तू देशभरच्या डिझायनरांना विचारून झालंस, मला विचारलंस, आणि आईचा उल्लेख मात्र 'पार्श्वभूमी' म्हणून एका ओळीत उरकलास. त्या बाईने इतकी वर्षं तुझ्या भावी उत्पादनांवर रात्रपाळ्या केल्यात. त्यांना 'मी ही नोकरी घेऊ का' असं विचारू नकोस, त्या बिचाऱ्या 'तुला आवडेल ते कर' म्हणतील. त्यांना विचार, कोणत्या मशीनवर तुम्ही चिकटपट्टी लावली होती, आणि तिच्यावर काय लिहिलं होतं.

उत्तर आलं की मलाही कळव.